मेट्रोचे पत्रे निघाले, पण गिरगावच्या बाजारात गिऱ्हाईक थांबत नाही. सुरुवात कुठून करावी?

ठाकूरद्वारकर

नमस्कार. ठाकूरद्वाराजवळ आमचे वह्या, कागद आणि पुस्तकबांधणीचे दुकान आहे. आजोबांनी गाळा पागडीने, म्हणजे सुरुवातीला एकरकमी पैसे देऊन नाममात्र भाड्याने, घेतला, वडिलांनी धंदा वाढवला आणि मी गेली काही वर्षे तो फक्त धरून ठेवला आहे. मेट्रो ३ च्या कामासाठी जगन्नाथ शंकरशेट मार्गावर कुंपणाचे पत्रे लागले, तेव्हा ही दोन-चार वर्षांची अडचण आहे, एकदा स्टेशन झाले की दारात गिऱ्हाईक मावणार नाही, अशी आम्ही सर्वांनी एकमेकांची समजूत घातली होती. ऑक्टोबर २०२५ मध्ये वरळी ते कफ परेड हा शेवटचा टप्पा सुरू झाला, गिरगाव आणि काळबादेवी ही दोन्ही स्टेशने उघडली आणि आमच्या फळीवर बऱ्याच वर्षांनी सकाळचे ऊन पडले. गर्दीही आहे. मात्र ती जिना चढून वर येते, मोबाइलमध्ये पाहत आपल्या वाटेने जाते आणि संध्याकाळी त्याच जिन्याने खाली उतरते.

मधल्या काळात आमच्या ओळीतील शिंपीकाका दुकान बंद करून मुलाकडे बोरिवलीला गेले, चष्मेवाल्यांचे शटर एका दिवाळीनंतर उघडलेच नाही आणि फरसाणवाल्यांनी अर्धा गाळा मोबाइलची कव्हरे विकणाऱ्या मुलाला दिला. गेल्या महिन्यात गणेशोत्सव मंडळाच्या खोलीत आम्ही पंधरा-वीस दुकानदार जमलो होतो. दुकानदारांचा संघ काढावा, यावर लगेच एकमत झाले. त्याने काय करावे, यावर मात्र कमान, रोषणाई, एकसारख्या पाट्या आणि ‘खरेदी महोत्सव’ यांच्यापलीकडे चर्चा गेली नाही. मला या यादीचा भरवसा वाटत नाही. गुढीपाडव्याच्या शोभायात्रेला आमच्या दारावरून हजारो माणसे जातात, पण त्या दिवशी गल्ल्यात काही पडत नाही, आणि खरे सांगायचे तर आमच्यापैकी निम्म्यांनी त्या दिवशी दुकान उघडलेलेही नसते.

आपल्यापैकी कोणी मुंबईत किंवा अन्यत्र एखादी जुनी बाजारपेठ टिकवण्याच्या कामात प्रत्यक्ष भाग घेतला असल्यास दोन गोष्टी सांगाव्यात. पहिले पाऊल कोणते असावे? आणि वर्गणी दोन वर्षांनंतरही येत राहावी, यासाठी काय करावे? पागडीच्या जागांमुळे आणि पुनर्विकासाच्या बोलण्यांमुळे आमच्याकडे कोणीच पाच वर्षांपुढचा विचार करत नाही, ही तिसरी अडचण आहेच.

गल्ला आणि वही

मी दादर पश्चिमेच्या एका गल्लीतील व्यापारी संघाचा दहा वर्षे खजिनदार होतो, त्यामुळे आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मला वहीतूनच देता येईल. आम्ही दिवाळीच्या रोषणाईपासून सुरुवात केली. पहिल्या वर्षी जवळजवळ सर्वांनी वर्गणी दिली. दुसऱ्या वर्षी ज्यांच्या दारावर माळ जरा कमी आली होती, त्यांनी हात आखडता घेतला. तिसऱ्या वर्षी निम्म्यांनी “शेजारचा देत नाही, तर मी का देऊ?” असे विचारले आणि या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते, कारण माळ तर न देणाऱ्याच्या दारावरही लागलेली होती. रोषणाईचा खर्च होतो, छायाचित्रे येतात, पण विक्री किती वाढली हे कोणालाच सांगता येत नाही, आणि जे दाखवता येत नाही त्यासाठी व्यापारी तिसऱ्यांदा पैसे देत नाही.

पुढे आम्ही एक साधी गोष्ट केली, जी खरे तर आधी करायला हवी होती. गल्लीच्या दोन्ही तोंडांशी आळीपाळीने वही घेऊन बसलो. दर अर्ध्या तासाला किती माणसे आत आली, त्यांच्यापैकी किती जणांच्या हातात बाहेर पडताना पिशवी होती आणि त्या वेळी किती शटर उघडी होती, एवढेच लिहायचे. आठवडाभरात जे दिसले, ते आम्हा सर्वांना लाजवणारे होते. सर्वांत जास्त माणसे संध्याकाळी साडेसातनंतर येत होती आणि आमच्यापैकी बरेच जण आठ वाजता हिशेब आवरायला बसत होते. दुपारी एक ते चार दुकान बंद ठेवण्याची वाडवडिलांची पद्धत आम्ही पाळत होतो, पण ती पद्धत जेवायला घरी येणाऱ्या गिऱ्हाइकाच्या काळातील होती. ते गिऱ्हाईक केव्हाच ठाण्या-डोंबिवलीला राहायला गेले आहे.

कायद्याची आडकाठी म्हणाल, तर ती आता राहिलेली नाही. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार प्रत्येक कामगाराला आठवड्याची सुटी देऊन दुकान वर्षाचे ३६५ दिवस उघडे ठेवता येते. एकट्याने नऊपर्यंत बसून काही होत नाही, हे मात्र लक्षात ठेवावे. अंधाऱ्या ओळीत एकच दिवा असेल तर माणूस तिकडे वळत नाही. म्हणून आम्ही आठवड्यातून तीनच दिवस, पण सर्वांनी मिळून नऊपर्यंत उघडे राहायचे ठरवले. कुरकुर झाली. एक-दोन ज्येष्ठांनी सरळ नकार दिला, त्यांना आम्ही निदान शटरवरचा दिवा चालू ठेवण्याची विनंती केली आणि ती त्यांनी मान्य केली.

वर्गणीचेही मग वळण बदलले. पैसे सर्वांना रोज उपयोगी पडेल अशा कामाला लावले. रात्री झाडलोट करणारा एक माणूस ठेवला, माल उतरवण्याची वेळ सकाळी दहाच्या आत ठरवून घेतली, बसायला दोन बाकडी टाकली आणि एका हॉटेलमालकांशी बोलून बायकांसाठी त्यांचे स्वच्छतागृह खुले करून घेतले. त्याची सफाई संघाच्या खर्चाने होते. या शेवटच्या गोष्टीचा परिणाम मला सर्वांत मोठा वाटतो. लग्नाच्या खरेदीला आलेल्या बायका पूर्वी दीड तासात घाई करून निघत असत, आता त्या दुपारभर थांबतात.

चौथी पिढी

हे सर्व ठीक आहे, परंतु पदपथावर फेरीवाले बसलेले असताना दुकानात शिरणार कोण? आम्ही भाडे, वीज, कर आणि परवान्याचे पैसे भरायचे आणि तोच माल दारात निम्म्या भावाने विकला जायचा. संघाने पहिले काम फेरीवाले हटवण्याचे करावे, बाकीचे नंतर पाहता येईल.

नकाशेवाली

चौथी पिढी, तुमचा त्रास खरा आहे, पण ज्या संघाने या मागणीपासून सुरुवात केली, तो पाच वर्षे तक्रारअर्जांतच अडकलेला मी पाहिला आहे. २०१४ च्या पथविक्रेता कायद्यानुसार कोणी कुठे बसावे, हे ठरवण्यासाठी नगर पथविक्रेता समिती असते. तिच्यात किमान ४० टक्के प्रतिनिधी विक्रेत्यांचे असतात आणि बाजार व व्यापारी संघटनांनाही प्रतिनिधित्व देण्याची तरतूद आहे. नोंदणी झालेला संघ असेल, तर तिथे आपले म्हणणे मांडण्याचा आपल्याला आधार मिळतो. शिवाय आपल्या पदपथावरचा भाजीवाला आणि फुलवाली रोज माणूस आणतात, हेही वहीत लिहून पाहावे. मोबाइलची कव्हरे आणि गजरा यांना एकाच मापाने मोजू नये.

आता मूळ प्रश्नाकडे येते. मी नगररचनेचे काम करते, आणि ठाकूरद्वारकरांचे वर्णन वाचताना मला टोरोंटो आठवले. तिथल्या ब्लूर स्ट्रीटच्या पश्चिम भागात ट्राम धावत असे आणि तिच्या खिडकीतून दुकाने दिसत असत. १९६६ आणि १९६८ अशा दोन टप्प्यांत तिथे भुयारी रेल्वे आली, ट्राम गेली आणि कालपर्यंत दुकानासमोरून जाणारा माणूस दुकानाखालून जाऊ लागला. शहरात त्याच दशकात यॉर्कडेलसारखे मोठे मॉलही उभे राहिले होते. ब्लूरच्या दुकानदारांनी आधी ऐच्छिक वर्गणी काढली आणि दादरच्या खजिनदारांनी सांगितलेला अनुभव त्यांनाही जसाच्या तसा आला. तेव्हा त्यांनी महापालिकेकडे वेगळीच मागणी केली: बाजाराची हद्द ठरवावी, हद्दीतील प्रत्येक व्यावसायिक मालमत्तेवर अधिभार लावावा, तो करासोबत महापालिकेने वसूल करावा आणि ती रक्कम आमच्या मंडळाच्या स्वाधीन करावी. ओंटारियो प्रांताने त्यासाठी कायदा केला आणि १९७० मध्ये ब्लूर वेस्ट व्हिलेज हे अशा प्रकारचे जगातील पहिले क्षेत्र ठरले. आज एकट्या टोरोंटोत अशी ऐंशीहून अधिक क्षेत्रे आहेत.

आपल्याकडे दुकानदारांच्या संघाला अशी सक्तीची वर्गणी वसूल करता येत नाही, त्यामुळे खजिनदारांचा मार्गच आपल्याला धरावा लागेल. पैसा अशाच कामावर खर्च व्हावा, जे बंद पडले तर दुसऱ्या दिवशी सकाळी प्रत्येकाला जाणवेल. काळा घोडा परिसराचे उदाहरण कोणी देण्याआधीच सांगते की ते अर्धेच लागू पडते. तिथे १९९८ मध्ये संस्था स्थापन झाली, १९९९ पासून कला महोत्सव भरू लागला आणि त्यातून त्या परिसराच्या जतनाच्या कामांना हातभार लागला. मात्र तिथे संग्रहालये आणि कलादालने आधीपासून होती. महोत्सवाने त्यांच्याकडे लक्ष वेधले. गिरगावात महोत्सवाने ज्याकडे लक्ष वेधावे, ते वर्षाचे उरलेले दिवस उघडे असायला हवे.

अमेरिकेतील लहान गावांच्या मुख्य पेठा महामार्गालगतच्या मॉलमुळे ओस पडल्या, तेव्हा १९७७ मध्ये तिथल्या ऐतिहासिक वारसा जपणाऱ्या राष्ट्रीय न्यासाने गेल्सबर्ग, मॅडिसन आणि हॉट स्प्रिंग्ज या तीन गावांत एक प्रयोग केला. त्यांनी प्रत्येक गावात त्या पेठेसाठी पूर्णवेळ पगारी व्यवस्थापक नेमला. इमारतींची दुरुस्ती, कोणता गाळा रिकामा आहे याची नोंद, नवा धंदा शोधणे आणि सणांचे नियोजन ही सर्व कामे एकाच माणसाकडे होती. या प्रयोगातूनच १९८० मध्ये देशव्यापी केंद्र उभे राहिले. दुकानदार स्वतः हे काम करू शकत नाही, कारण तो गल्ला सोडून उठू शकत नाही, एवढी साधी गोष्ट त्यांनी ओळखली होती. वीस दुकानदारांनी मिळून एक अर्धवेळ, हिशेबाला चोख माणूस ठेवणे गिरगावात अशक्य नाही.

मला सर्वांत मोठा धोका वेगळाच दिसतो. बाजार म्हणजे दुकानांची सलग ओळ. माणूस एका दुकानासाठी येतो आणि शेजारची चार दुकाने पाहत पुढे सरकतो, आणि हे सरकणे चालू राहण्यासाठी दर दहा-बारा फुटांवर एक दार लागते. जुनी चाळ रस्त्याला अगदी खेटून असते आणि तिच्या तळमजल्यावर अशी आठ-दहा दारे असतात. तिच्या जागी टॉवर आला की रस्त्याकडेला अनेकदा कुंपणाची भिंत, गाड्यांचा उतार, विजेच्या उपकेंद्राची खोली आणि वर चार-पाच मजल्यांचे पोडियम पार्किंग येते. दुकाने आतल्या बाजूला किंवा पहिल्या मजल्यावर ढकलली जातात. अशा दोन भिंती ओळीत आल्या की पलीकडची जिवंत दुकानेही गिऱ्हाइकाच्या वाटेतून सुटतात. कमानीच्या चर्चेआधी आपल्या ओळीचा साधा आराखडा काढा: कोणता गाळा कोणाचा, कशाचा, उघडा की बंद, दार रस्त्याकडे किती फूट, आणि ती इमारत पुनर्विकासाच्या कोणत्या टप्प्यावर आहे. पहिले पाऊल हेच असावे, असे मला वाटते.

मूळचा मुगभाटचा

मी दुकानदार नाही, गिऱ्हाईक आहे आणि आता डोंबिवलीत राहतो. वर्षातून चार-पाच वेळा मुद्दाम गिरगावात येतो, कारण काही वस्तू घ्यायच्या तर तिथूनच, असे घरात ठरलेले आहे. गेल्या खेपेला आईच्या जुन्या पोथीला बांधणी करून घ्यायची होती. दोन वाजता पोहोचलो, शटर बंद. समोर चहा घेतला, साडेतीनला पुन्हा पाहिले, तरी बंदच. शेजारच्या दुकानात विचारले, तर मान वर न करता “माहीत नाही” एवढेच उत्तर मिळाले. पोथी तशीच पिशवीत घालून परत गेलो. (ठाकूरद्वारकर, हे दुकान आपले नसावे अशी आशा आहे.)

माहीमच्या कंदील गल्लीत किंवा लालबागच्या चिवडा गल्लीत माणूस लांबून येतो, कारण तिथे गेल्यावर ती वस्तू मिळणारच, याची त्याला खात्री असते. एकाकडे मनासारखा कंदील नसला तर तो स्वतःच पुढच्या दुकानाकडे बोट दाखवतो. गिरगावातही पूर्वी हेच होते. आपले दुकान बंद असताना शेजाऱ्याने निरोप घ्यावा, पोथी ठेवून घ्यावी आणि फोन क्रमांक लिहून घ्यावा, यासाठी संघालाही एक रुपया खर्च येणार नाही. दहा मिनिटांत घरी वस्तू आणून देणाऱ्यांशी स्पर्धा वेगाने करता येणार नाही. पोथीची बांधणी मात्र त्यांच्याकडे होत नाही.

भाडेपावती

वकील म्हणून पागडीच्या प्रश्नाविषयी थोडे लिहितो. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्यामुळे मुंबईतील जुन्या जागांची भाडी गोठली आणि आता लागू असलेल्या १९९९ च्या महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायद्यात वर्षाला ४ टक्के वाढीची मुभा आहे. मूळ रक्कमच इतकी लहान असते की या वाढीतून घरमालकाच्या हाती फारसे काही येत नाही आणि म्हणून तो दुरुस्तीकडे पाहत नाही. दुसरीकडे, भाडे नगण्य असल्यामुळे गाळा वर्षानुवर्षे बंद ठेवणेही भाडेकरूला परवडते. आपल्या ओळीतील बंद शटरांपैकी काहींमागे तोटा नसून प्रतीक्षा असेल. पुनर्विकासात नवा गाळा मिळेल, तोवर कुलूप लावून ठेवावे, असा तो हिशेब असतो. मात्र जागा सबळ कारणाशिवाय सलग सहा महिने वापरात नसेल, तर त्याच कायद्याच्या कलम १६ खाली घरमालकाला ताबा मागता येतो, हे अशा मंडळींना शांतपणे सांगावे. दुकान उघडे ठेवण्यात त्यांचेही हित आहे.

उपकरप्राप्त इमारतीचा, म्हणजे दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या जुन्या इमारतीचा, पुनर्विकास विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली २०३४ च्या नियम ३३(७) खाली होतो, तेव्हा व्यावसायिक भाडेकरूला त्याच्या जुन्या चटई क्षेत्राइतकी जागा मिळते. बहुतेक दुकानदार करारात तेवढा आकडा पाहून सही करतात. नकाशेवालींचा मुद्दा इथे महत्त्वाचा ठरतो, कारण क्षेत्रफळ तेवढेच राहूनही बारा फुटांचे दर्शनी दार सहा फुटांचे होऊ शकते. गाळा तळमजल्यावरच असेल, मुख्य रस्त्याकडे तोंड असेल, दर्शनी रुंदी इतकी असेल, पदपथ आणि गाळा यांच्यामध्ये कुंपण येणार नाही आणि बांधकामाच्या काळात पर्यायी गाळा किंवा भाडे किती मिळेल, हे सर्व करारात आणि सोबतच्या नकाशावर लिहून घ्यावे. योजनेला इमारतीतील किमान ५१ टक्के रहिवाशांची संमती लागते. दुकानदार संख्येने थोडे असतात, म्हणून वरच्या मजल्यावरील रहिवाशांशी आधीच बोलणे झालेले असावे. संमतीपत्र दिल्यानंतर विकासकाशी घासाघीस करायला फारसे काही हातात उरत नाही.

संघाची नोंदणी मात्र लांबवू नये. संस्था नोंदणी अधिनियम १८६० खाली ती होऊ शकते आणि बँक खाते संघाच्या नावाने असले की खजिनदारावर संशय घेण्याची वेळ सहसा येत नाही.

ठाकूरद्वारकर

सर्वांचे मनापासून आभार. मुगभाटचे काका, दुर्दैवाने ते दुकान आमचेच असण्याची शक्यता बरीच आहे. पोथी घेऊन या, मी दुपारी असेन. बांधणीची मजुरी घेणार नाही.

खजिनदारांचा प्रतिसाद वाचून शनिवारी मी आणि बाजूच्या पूजासाहित्यवाल्यांचा मुलगा संध्याकाळी सहा ते नऊ स्टेशनच्या जिन्यापाशी वही घेऊन बसलो. एका संध्याकाळवरून निष्कर्ष काढता येत नाही, हे मान्य आहे. तरी एक गोष्ट दोघांच्याही लक्षात आली. जिन्याच्या शेवटच्या पायरीवर बहुतेक माणसे दोन-तीन सेकंद थांबतात, कोणत्या बाजूला वळायचे ते पाहतात आणि त्या क्षणी त्यांच्या डोळ्यांसमोर शिंपीकाकांचे बंद शटर असते. आमची सर्व दुकाने त्यांच्या पाठीमागे येतात. ज्या अकरा जणांनी आम्हाला पत्ता विचारला, त्यांच्यापैकी सात जण दुकानेच शोधत होते.

शिंपीकाकांना मी फोन केला. गाळा कायमचा द्यायला ते तयार नाहीत, पण गणपतीपासून दिवाळीपर्यंत रोज संध्याकाळी शटर उघडून तिथे एक टेबल मांडायला आणि बाजारात कुठे काय मिळते त्याचा फलक लावायला त्यांनी परवानगी दिली आहे. जागा कोणाला पोटभाड्याने दिली, असा अर्थ निघू नये म्हणून ते स्वतः आठवड्यातून दोनदा येऊन बसणार आहेत आणि शिलाईयंत्रही तिथेच राहील. भाडेपावती, यात कायद्याची काही गोम असेल तर कृपया सांगावे.

ओळीचा आराखडा काढायला घेतला आहे. ठाकूरद्वार ते प्रार्थना समाज या पट्ट्यातील दुकानांची पत्रे लागण्यापूर्वीची छायाचित्रे कोणाकडे असतील, तर हवी आहेत. लग्नाच्या वरातीची किंवा विसर्जन मिरवणुकीची असली तरी चालतील, मागे पाट्या दिसल्या म्हणजे झाले.